रूथबाईंच्या सात खिडक्या

शाळेत मुलांची नखं तपासणाऱ्या रूथबाईंची स्वतःची नखं मात्र कायम हिरवी असायची. एखादं आगाऊ पोरगं विचारायचंच, "बाई, तुमची?" बाई हात मागे घेऊन म्हणायच्या, "ही घाण नाही रे, हा माझा गृहपाठ आहे."

गृहपाठ म्हणजे खिडक्या. श्रीरामपुरात आमच्या शेजारी त्यांच्या वडिलांनी बांधलेलं कौलारू घर होतं. ब्याण्णव साली मी लग्न होऊन आले, तेव्हा बाई तिथं एकट्याच राहायच्या. घर त्यांच्या आणि पुण्याच्या धाकट्या भावाच्या नावावर. तो दर नाताळला यायचा आणि केक खाता खाता म्हणायचा, "ताई, पाडायला झालंय घर. कुणी घेतलं तर देऊन टाकू." बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्या कुठे जाणार? मग त्यांनी ठरवलं, घर असं करायचं की पाडायचं नावसुद्धा ह्यानं काढू नये.

खिडक्यांवर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर चढले होते. बाई शाळेतून आल्या की फुटक्या काचेच्या तुकड्यानं ते खरवडत बसायच्या. मीही जायचे, पण माझा हात धसमुसळा. "अगं सुमन, लाकूड आहे ते, दुधीभोपळा नाही सोलायला," असं म्हणून बाई माझ्या हातातली काच काढून घ्यायच्या आणि पॉलिशपेपर द्यायच्या. कुजलेला भाग कोरून तिथं जुन्या लाकडाचा तुकडा बसवायला एक सुतारमामा यायचे. ते म्हणायचे, "बाई, नव्या खिडक्या करा की. उगं लई हात झिजवताय." बाईंचं उत्तर ठरलेलं, "मी नवी होणारे का, मामा?"

तीन वर्षांत सातही खिडक्या झाल्या. जवसाचं तेल पिऊन लाकूड असं काही खुललं की रस्त्यानं जाणारे थांबायचे. त्या नाताळला भाऊ आला आणि पहिल्यांदाच पाडायचं नाव न काढता चौकटीवरून हात फिरवत राहिला. बाई माझ्याकडे बघून हसल्या. तिथं मी तोंड आवरायला हवं होतं! पण माझं कौतुक उतू चाललं होतं. म्हटलं, "दादा, अस्सल बर्मा सागवान आहे बरं का. मामा म्हणतात, आता शोधून मिळायचं नाही."

"असं?" एवढंच म्हणाला तो.

पुढच्याच महिन्यात तो जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन आला. पडक्या घराला कधी गिऱ्हाईक नव्हतं, खिडक्यांना लगेच मिळालं. मागोमाग नुसत्या जागेलाही मिळालं. भाऊ कोर्टाची भाषा बोलायला लागला. "सख्ख्या भावाशी कोर्टात भांडू होय?" म्हणत बाईंनी सही केली. मला मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माल न्यायला टेम्पो आला, गडी पहारी घेऊन उतरले. बाई आडव्या आल्या. "पहार लावाल तर चौकटी फुटतील. काचेच्या झडपा आधी मी काढून देते." पदर खोचून त्या बिजागरीचा एकेक स्क्रू सोडवायला लागल्या. पलीकडून मी झडप धरली. डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी म्हटलंच, "बाई, माझ्या जिभेला हाड नाही. माझ्यामुळं झालं हे."

स्क्रूवरची नजर न काढता बाई म्हणाल्या, "नीट धर. काच फुटेल."