आईनं पाहिलेलं जहाज

मी दाणा चावून बघणारी बाई आहे, हे आधी सांगून टाकते. इंदूरला सांवेर रोडवरच्या एका डाळ मिलमध्ये मालाची क्वालिटी बघणं हे माझं काम. गाडी आली की व्यापारी वरचं पोतं उघडून म्हणतो, "मैडमजी, सोना है सोना." मी त्या पोत्याकडे बघतही नाही. परखी घेते – म्हणजे टोकदार, पोकळ नळी, पोत्यात खुपसली की आतला माल हातात येतो – आणि वरून, मधून, तळातून नमुना काढते. वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतो. भूतखेत, अंगात येणं, कुणाला काही दिसणं... या गोष्टी मला कायम वरच्या मालासारख्या वाटत आल्या. शिवाय आमचं माहेर महूचं, बौद्ध, फौजी. घरात नवस नाही, नजर उतरवणं नाही. कुणी काही अचाट सांगू लागलं की आई एकच प्रश्न विचारायची, "तू स्वतः पाहिलंस का?"

म्हणून हे लिहावं की नाही यात बरेच महिने गेले. पण झालं ते माझ्यासमोर झालं, भर सकाळी, शेकडो माणसांच्या गर्दीत.

आईला काचबिंदू. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलं गेलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की डोळ्याची नस सुकली आहे, आता उजेड-अंधारही कळणार नाही. आईनं ऐकून घेतलं, घरी आली आणि मेथी निवडायला बसली. रडारड नाही. एकच गोष्ट ती मधूनमधून बोलून दाखवायची – "जहाज तेवढं राहिलं."

आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लढाईत जहाजानं बसऱ्याला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मुलांना लढाईचं फारसं काही सांगितलं नाही, जहाजाचं मात्र जन्मभर सांगितलं. आपली क्वार्टरांची अख्खी लाइन त्याच्या पोटात मावेल आणि वर खेळायला मैदान उरेल, असं ते म्हणायचे. आई ते ऐकत वाढली. दादरला चैत्यभूमीवर गेलो तेव्हा तिला समुद्र दिसला होता, लांबवर एक ठिपकाही दिसला होता. ते जहाज आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली. "हे नव्हे," म्हणाली.

तर आमच्या आणि आणखी काही मिलांनी मिळून परदेशातून पिवळा वाटाणा मागवला होता. तो घेऊन जहाज गुजरातच्या एका बंदराला लागलं. नमुना आपल्या माणसासमोर निघावा म्हणून शेठजींनी मला पाठवलं. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "मलाही ने."

भावाला फोनवर कळलं तर तो हसायला लागला. "ताई, आईला जहाज दाखवायला नेतेस?"

फोन स्पीकरवर होता. "दाखवायला नाही," आईच म्हणाली. "मी ऐकणार. वास घेणार. हात लावणार. तुझ्या गाडीत बसून जात नाहीये ना?"

तेवढंच तिला हवं होतं. मरायच्या आधी एकदा जहाजाला हात लावायचा.

मिलच्या गाडीनं निघालो. कैलाश भिया ड्रायव्हर. रस्ताभर तो आईला अम्माजी, अम्माजी करत शेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खिलवत होता. बंदरावर आमचा पास मालाची तपासणी करणाऱ्या सर्व्हेयरनं काढून ठेवला होता. मेहुलभाई त्यांचं नाव. गेटवर त्यांनी आम्हा तिघांना हेल्मेट आणि नारिंगी जॅकेट दिली. आईनं पदरावरून हेल्मेट चढवलं, वर टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाली, "हे भगोनं कुणाचं घातलंत माझ्या डोक्यात?" मेहुलभाईंना हसू आवरेना.

आणि मग आम्ही धक्क्यावर आलो.

मी कोरडी बाई आहे, पण माझंही तोंड उघडं राहिलं. जहाज म्हणून मी जे काही मनात धरलं होतं त्यात हे बसतच नव्हतं. समोर एक भिंत होती, लोखंडाची. डावीकडे बघावं तरी भिंत, उजवीकडे बघावं तरी भिंत. तिच्यावर चार क्रेन. प्रत्येक क्रेनच्या दोराला लोखंडी पंजा, दोन ओंजळी समोरासमोर जोडल्यासारखा. तो जहाजाच्या पोटात उतरायचा, मिटायचा, वर यायचा, धक्क्याकडे वळायचा आणि एका भल्यामोठ्या नरसाळ्यावर उघडायचा. वाटाणा कोसळायचा. आवाज असा की छातीत जाणवावा. नरसाळ्याखाली ट्रक लागलेले, एक भरला की दुसरा. हवेत पिवळी धूळ, पायाखाली कुरकुरणारे दाणे, कबुतरांचे थवे. आमच्या मिलला वर्षभरात जेवढा माल लागतो तेवढा तिथे नुसता सांडलेला असेल, असं वाटलं.

आईनं विचारलं, "कुठून हात लावायचा?"

तिथेच घोळ झाला. जमिनीवर एक पिवळी पट्टी होती, तिच्या पलीकडे काम चालू असताना कामाशिवाय कुणाला सोडत नाहीत. मेहुलभाईंनी हात जोडले. म्हणाले, "संध्याबेन, ऊपर से माल गिरता है. माताजी को नहीं ले जा सकते." त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही नेलं नसतं. पण एवढ्या लांबून बाईला आणली आणि शेवटच्या पाच पावलांवर अडवलं.  आईची काठी त्या पट्टीवर टेकलेली, हेल्मेट थोडं वाकडं, चेहरा वर केलेला.

"काळं आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं जहाज पांढरं असेल."

मला वाटलं कैलाशनं सांगितलं असेल. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो माझ्याकडे बघत होता.

"कुणी सांगितलं तुला काळं आहे ते?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय."

मी चिडले, खरं सांगते. अशा वेळी माणूस हरखून जात असेल, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की प्रवासानं हिचं डोकं फिरलंय, आता हॉस्पिटल शोधा. मी म्हटलं, बरं, क्रेन काय करतेय? तिनं सांगितलं. दुसरी क्रेन वळतेय, तिसरी थांबलीय, पहिलीच्या पंज्यातून थोडा माल गळतोय. सगळं बरोबर. पण हे आवाजावरूनही कळू शकतं, आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात. मग ती म्हणाली, "खाली लाल रंग आहे. मघाशी बोटभर होता, आता वाढलाय."

"लाल कुठाय?" मी म्हटलं. आणि बघितलं. काळ्या भिंतीच्या तळाशी, पाण्याला लागून, लाल पट्टा होता. मेहुलभाई म्हणाले, माल उतरतो तसं जहाज हलकं होऊन वर येतं, एरवी पाण्याखाली असणारा भाग दिसायला लागतो. म्हणजे एवढं मोठं धूड माझ्यासमोर उभ्या उभ्या वर येत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पट्ट्याला आवाज नसतो.

मी आईच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. तिच्या डोळ्यांत बघितलं. तेच डोळे, हलत नसलेले, राखाडी.

"मी दिसतेय?"

"बाजूला हो," ती म्हणाली. "मधे काहीतरी काळं आलंय. तूच असशील."

"आई, मी दिसतेय का?"

"नाही दिसत गं. जहाज दिसतंय. सरक ना."

मी सरकले.

मग ती बोलत राहिली. तिला कुणी विचारत नव्हतं. तोंडातल्या तोंडात, कुणाशी तरी ताडून बघावं तसं. वर पिवळ्या टोपीचा माणूस हातानं खुणा करतोय. साखळीची एकेक कडी केवढी आहे, माणसाच्या धडाएवढी. दादा खरं सांगत होते. दादा म्हणजे तिचे वडील. एकदा ती थोडी हसली आणि म्हणाली, "आत शिडीवर पाखरू बसलंय बघ. एक पाय पोटाशी घेऊन."

"आत म्हणजे कुठे?"

"पोटात. जिथून माल काढतायत."

जहाजाचं पोट, ज्याला तिथे होल्ड म्हणतात, ते धक्क्यावरून दिसत नाही. दिसूच शकत नाही. आमच्यासमोर ती लोखंडी भिंत होती आणि होल्ड तिच्या पलीकडे, खोल. मी मनात म्हटलं, चला, हे तळातलं पोतं. आता परखी घालूनच बघू. मेहुलभाईंना नमुना घ्यायला वर जायचंच होतं. मी त्यांच्याबरोबर निघाले. कैलाशला आईजवळ थांबायला सांगितलं.

शिडी दोराची आणि हलणारी. माझे गुडघे काही कौतुकाचे नाहीत, तरी चढले. डेकवर गेल्यावर होल्डच्या काठाशी जाऊन खाली वाकले.

आत... मला नीट सांगता येणार नाही. एखाद्या चार मजली इमारतीचं छप्पर काढून आत वाकावं तसं होतं. तळाशी वाटाण्याचे पिवळे डोंगर, त्यांच्या उतारावर फावडी घेतलेली माणसं मुंग्यांएवढी, वरून सूर्याचा एक तिरका पट्टा आणि त्यात धूळ चमकत उतरत होती. पंजा माझ्याजवळून खाली गेला तेव्हा वाऱ्यानं माझं जॅकेट फडफडलं. भिंतीला लागून लोखंडी शिडी होती. तिच्या एका पायरीवर एक लहानसं तपकिरी पाखरू बसलं होतं. आपल्याकडचं नव्हे. एक पाय पोटाशी घेतलेला.

मेहुलभाई म्हणाले, हे बहुधा माल भरला तिकडूनच बसून आलंय, कधी कधी येतात.

 मी काठापासून मागे झाले आणि रेलिंगजवळ आले. हेल्मेट काढून कपाळ पुसलं. तिथे हेल्मेट काढायचं नसतं, मेहुलभाई ओरडलेही. खाली धक्का दिसत होता. पिवळी पट्टी, आणि तिच्यावर नारिंगी ठिपका. आई. एकटीच. कैलाश नव्हता. तो, नंतर कळलं, तिच्यासाठी पाणी आणायला गाडीकडे गेला होता. मी हाक मारली नाही, त्या आवाजात हाकेला अर्थच नव्हता. का ते माहीत नाही, मी हात वर केला.

आईनं हात वर केला.

मी खाली केला. तिनं केला. मी पुन्हा वर केला आणि हलवला, तर तिनंही हलवला, मग मनगट झटकून 'पुरे' अशी खूण केली, लहानपणी शाळेच्या गेटवर करायची तशी.

मी शिडी उतरून येईपर्यंत ती पट्टीजवळच उभी होती, पण चेहरा आता खाली होता. माझा आवाज ऐकून तिनं हात पुढे केला आणि चाचपून माझी बाही धरली.

"गेलं," ती म्हणाली. "तू उतरायला लागलीस आणि गेलं. असू दे. पुष्कळ झालं." मग चालायला लागल्यावर म्हणाली, "समोरचे केस सगळे पांढरे झालेत की तुझे. कधी झाले?"

तिची नजर गेल्यावर मी केसांना रंग लावणं सोडलं होतं. तिला माझे पांढरे केस चालायचे नाहीत म्हणून लावत होते, मग कुणासाठी लावायचा? तिला हे मी कधी सांगितलं नव्हतं. भावाला विचारलं, वहिनीला विचारलं, आईशी यावर कुणी बोललेलं नाही.

इंदूरला आल्यावर तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या आधीच्यासारख्याच. नस सुकलेली. मी त्यांना धक्क्यावरचं सगळं सांगितलं. दृष्टी गेलेल्यांचा मेंदू कधी कधी स्वतः चित्रं तयार करतो, असं म्हणाले. असेल. तयार करत असेल. पण होल्डमधलं पाखरू त्यानं कुठून तयार केलं, एवढं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते आईच्या मधुमेहाकडे वळले. त्यांचा दोष नाही.  मला जमलं त्या सगळ्या ठिकाणांहून मी नमुना काढून बघितला, वरून, मधून, तळातून. माल एकच निघतो.

त्यानंतर तिला काही दिसलेलं नाही. ती वाटही बघत नाही. विहारात रविवारी बायका तिला घेरून बसतात आणि जहाजाचं सांगायला लावतात. ती साखळीची कडी सांगते, लाल पट्टा सांगते, पंज्यातून कोसळणारा वाटाणा सांगते. मीही मागे बसून ऐकते. अर्ध्या गोष्टी मला तिथे असून दिसल्या नव्हत्या. सगळं सांगून झालं की ती थोडी थांबते आणि म्हणते,

"आणि वर, अगदी कडेला, आमची संध्या उभी होती. हेल्मेट न घालता."