बांध कापला त्या साली

पेणच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि म्हणाले, "कलकत्त्याकडेही आपल्यासारखी खारी जमीनच आहे. घाबरू नकोस." उधाणानं बांध फुटला की आपल्या खाडीकाठच्या शेतात राता भाताशिवाय काही तगत नसे, हे तुम्हा घरच्यांना सांगायला नको. त्याच भातावर शिकून मला कलकत्त्यात भाताची नवी वाणं तयार करणाऱ्या संशोधन केंद्रात नोकरी मिळाली होती. एकोणीसशे सत्तरचा, नक्षलवादी धामधुमीचा सुमार होता.

टॉलीगंजला बँकेतल्या एका मराठी कुटुंबात मी राहत होते. बॉम्बचे आवाज सुरू झाले की वहिनी खिडक्या लावून पुन्हा पोळ्या लाटायला बसत. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी मरून पडलं होतं. लोक वळसा घालून ट्रामकडे जात होते. मीही तशीच गेले.

कॅनिंगच्या पलीकडे नदीकाठी निरापद मंडलच्या शेतात आमची चाचणी होती. आपला राता आणि तिकडचं उंच भात यांच्या संकराचं वाण. ती जमीन जमीनदाराकडून काढून निरापदसारख्या भूमिहीनांनी नुकतीच वाटून घेतली होती. भात पिकत आलं, तेव्हा जमीनदाराच्या माणसांनी भरतीच्या वेळी बांध कापला. निरापद अडवायला धावला. त्याला तिथंच कोयत्यानं तोडलं.

मी पोचले तेव्हा त्याची बायको मालती खाऱ्या पाण्यात उभी होती. आसपासची शेतं करपत चालली होती. आमचं वाण पिवळं पडलं होतं, पण उभं होतं. तिनं विचारलं, "दिदी, हे तगेल?"

मला नक्की ठाऊक नव्हतं. तरी मी "तगेल" म्हटलं.

ते तगलं. कापणीला तीच माणसं लाठ्या घेऊन आली. बायका विळे घेऊन बांधावर उभ्या राहिल्या, मीही त्यांच्यात. माझं मनगट मोडलं. एकाच्या खांद्यात मालतीचा विळा रुतला. त्याच्या किंकाळीनं बाकीचे मागे सरले. उरलेलं भात आम्ही रडत कापलं; मी एका हातानं पेंढ्या उचलत होते.

ट्रंक कॉलवर बाबा म्हणाले, "पुरे झालं. घरी ये."

"पेरणी झाली की येते," मी म्हटलं. मग लावणी आली, मग कापणी, आणि वर्षं गेली.

आता पेणला आले की तुम्ही माझ्यासाठी नवी चादर घालता, आग्रह करकरून वाढता. बरं वाटतं, आणि आत कुठंतरी तुटतंही. मालतीकडे, जिथं मी आता राहते, मला पाहुण्यासारखं कुणी वाढत नाही. शेतातून दमून आले की मी चुलीजवळ बसते आणि आपल्या हातानं भात वाढून घेते.