आडनावातला एच

आमच्या सीमाभागात जन्मलेल्या माणसाला पोहता आलं नाही तरी चालतं, पण निवेदन लिहिता आलं पाहिजे. मला पोहता येत नाही. मी बेळगावातल्या एका मराठी शाळेत मराठी शिकवतो, वडगावात राहतो आणि गल्लीतल्या कुणाचंही निवेदन लिहून देतो. माझ्या निवेदनांनी आजवर एकही गटार वाहतं झालेलं नाही, पण त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढायची कुणाची टाप नाही. याचा मला अभिमान होता, आणि अजूनही थोडा आहे.

दुसरा अभिमान फुटबॉलचा. तरुणपणी मी आमच्या क्लबाचा राखीव गोलकीपर होतो. राखीव म्हणजे किती राखीव, तर तीन हंगामांत माझ्या जर्सीला माती लागली ती फक्त बसून. पण बाकावर बसलेल्या माणसाला खेळ जास्त कळतो, असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण ती कधी मैदानावर आलेली नाही.

गेल्या हंगामात आमचा क्लब ए डिव्हिजनमधून बी डिव्हिजनमध्ये घसरला. एका सामन्याच्या फरकानं घसरला. त्या दिवसापासून मैदानाशेजारच्या चहाच्या गाड्यावर रोज संध्याकाळी आमच्या कोचवर खटला चालू झाला. फिर्यादी मी, सरकारी वकील मी, आणि कुणी अडवलं नाही तर न्यायाधीशही मीच.

कोचला सगळे अण्णा म्हणतात. ते मूळचे निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातले. घरात कन्नड, बाजारात मराठी, दोन्ही तितक्याच सहज. पगार घेत नाहीत. मैदानावर चुना स्वतः मारतात आणि चेंडूंची जाळी स्कूटरला बांधून स्वतः आणतात. त्यांची एकच गंमत आम्हाला सापडली होती. सामना रंगला आणि ते चिडले, की त्यांच्या तोंडातून मराठीतला ह निसटून जाई. 'धाव'चं 'दाव' होई आणि 'खेळा रं'चं 'केळा रं'. मग गाड्यावर मी विचारी, "काय, आज अण्णांनी किती डझन केळी वाटली?" लोक हसत. मी दर सामन्याला हा विनोद करत असे आणि दर वेळी तो मला नवाच वाटे.

अण्णांची बाजू घेणारा गाड्यावर एकच होता, माझा लहानपणचा मित्र. त्याचे घरातच चार यंत्रमाग आहेत, त्यामुळे त्याचं सगळं शहाणपण मागावरून येतं. मी वहीत अण्णांच्या कारकिर्दीचा तक्ता केला होता, जिंकलेले सामने निळ्या शाईत आणि हरलेले लाल शाईत. तो तक्ता मी पुढे सरकवला की तो चहाचा घोट घेऊन म्हणे, की दोन चांगले खेळाडू कोल्हापूरच्या संघांनी नेले, कप्तान नोकरीला पुण्याला गेला, ताणाच कच्चा असेल तर विणणाऱ्याला बोलून काय उपयोग. मी म्हणे, की तक्ता खोटं बोलत नाही. तो म्हणे, की तक्ता बोलतच नाही, बोलतोस तू.

तरी एका मुद्द्यावर त्याला गप्प बसावं लागे. आमचा राइट-आउट, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारा, फाउंड्रीत कामाला असलेला एक चपळ गडी, त्याच्या नोंदणीच्या फॉर्मात घोळ निघाला होता. आधार कार्डावरचं नाव आणि फॉर्मावरचं नाव जुळत नव्हतं. आम्ही जिंकलेल्या एका सामन्यानंतर समोरच्या संघानं हरकत घेतली आणि तो सामना त्यांना बहाल झाला. तोच तो फरकाचा सामना. अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की कागदात माझी चूक झाली. झालं, माझ्या हातात कोलीतच मिळालं. संघाचे बाकीचे सगळे फॉर्म मी माझ्या हातानं भरले होते, मोत्यासारख्या अक्षरात. हा गडी मागाहून आला, म्हणजे त्याचा फॉर्म अण्णांनी भरला असणार, असं मी गृहीत धरलं. ज्या माणसाला साधा फॉर्म भरता येत नाही तो संघ काय भरणार, हे वाक्य मी गाड्यावर इतक्यांदा म्हटलं, की चहावाला ते माझ्याआधी म्हणू लागला.

शेवटी क्लबाच्या सेक्रेटरींनी रविवारी सभा बोलावली. अण्णांना ठेवायचं की नारळ द्यायचा, हे ठरवायला. अण्णांना काढा म्हणणारं निवेदन कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. आदल्या दिवशी मित्र मला वाटेत भेटला. म्हणाला, "मास्तर, अण्णा काल घरी आलतं. येक वरीस द्या म्हंत्यात. संघ वर आणतो आनि मग मीच सोडतो. पाडून गेला असं नगं म्हणायला कुणी." मी म्हणालो, की भावनेवर फुटबॉल चालत नाही. असली वाक्यं मला फार सुचतात.

सभा मित्राच्याच घरी, मागाच्या खोलीत झाली. रविवार असल्यानं माग बंद होते. आम्ही वीस-पंचवीस जण मागांच्या मधल्या जागेत सतरंज्यांवर दाटीनं बसलो. अण्णा दाराजवळ बसले होते, चप्पल घालून लगेच उठता येईल अशा बेतानं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मैदानावर मी त्यांना कधी इस्त्रीत पाहिलं नव्हतं, आणि का कोण जाणे, ते बघून मला बरं वाटलं नाही.

सेक्रेटरींनी माझ्यापुढे क्लबाची फाईल ठेवली, निवेदनाला पुरावा जोडायला. मी ती ऐटीत उघडली आणि राइट-आउटचा फॉर्म शोधून काढला. समोर आडनाव होतं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि त्यात एक एच होता. दोन्ही खांब फाटकासारखे ताठ, मधली दांडी उजवीकडे किंचित चढती. असा एच सबंध बेळगावात एकच माणूस काढतो. शाळेच्या दाखल्यांवर तो तीस वर्षं निघतो आहे.

मग सगळं आठवलं. सहामाहीचे पेपर चालू होते. मधल्या सुट्टीत अण्णा तो फॉर्म आणि कार्ड घेऊन शाळेत आले होते, कार्यालयाबाहेर उभे होते. माझ्यापुढे वह्यांचा ढीग आणि डोक्यात लाल पेन. कार्डावर त्या गड्याचं आडनाव कन्नडवरून इंग्रजीत आलेलं, त्यात 'ध'चा 'द' झालेला. आता मराठी आडनावातला ध कुणी मारला, की आमच्यासारख्याचं रक्त उसळतं. मतदार यादी, रेशन कार्ड, बसवरची पाटी, सगळीकडे आम्ही अशी अक्षरं दुरुस्त करत आलो आहोत. मी अण्णांना म्हणालोही होतो, की यांना आमची साधी आडनावंसुद्धा लिहिता येत नाहीत. यांना म्हणजे कुणाला, हे समोर कोण उभं आहे ते न बघताच. आणि मी डीपुढे एच घातला. भाषेच्या सेवेचं समाधान मानून फॉर्म परत दिला, आणि पाच मिनिटांत विसरून गेलो.

एखाद्या भल्या माणसानं तिथल्या तिथे कबूल केलं असतं. मी फाईल मिटली आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन निवेदन वाचायला उभा राहिलो. पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला. तिसरा इतका सावकाश वाचला, की सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चौथा मुद्दा होता, 'ज्या व्यक्तीस साधा नोंदणी अर्ज बिनचूक भरता येत नाही'. तिथे मी कागद खाली घेतला. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. उद्यापासून गाड्यावर माझं काय होईल, हे मी स्वतःच इतकी वर्षं लोकांना शिकवत आलो होतो.

दाराशी अण्णा खाली मान घालून सतरंजीचा दोरा सारखा करत होते.

"तो फॉर्म मी भरलाय," मी म्हणालो. "एच माझा आहे."

सेक्रेटरींनी फाईल ओढून घेतली, फॉर्म आणि माझं निवेदन शेजारी शेजारी धरलं. निवेदनाखाली माझी इंग्रजीत सही होती आणि तिच्यातही तसाच एक एच होता. मग माझा मित्र मागाला टेकून शांतपणे म्हणाला, "मास्तर, मग ह्यो चार नंबरचा मुद्दा आता कुणाला लावायचा?"

सगळे हसले. गाड्यावर मी हसवायचो त्याच्या दुप्पट हसले. अण्णा हसले नाहीत. मी त्यांना विचारलं, की तुम्हाला माहीत होतं ना, मग चूक माझी म्हणून का सांगितलंत. ते थोडे ओशाळले, चूक जणू आता खरंच त्यांची निघाली होती.

"सही माजी हाय न्हवं फॉर्मावर," ते म्हणाले. "आनि आडनाव तुमीच बरोबर लिवलंय, मास्तर. चुकलंय ते कार्ड."

मी तीस वर्षं मराठी शिकवतोय. मराठी आडनावाची बाजू माझ्यासमोर कुणी इतक्या थोडक्यात घेतली नव्हती, आणि घेतली ती अशा माणसानं, ज्याच्या निसटलेल्या 'ह'वर मी वर्षभर चहा प्यायलो होतो. डोळ्यांत पाणी आलं. मी ते घामाच्या नावावर खपवलं.

अण्णांना एक वर्ष मिळालं. ठराव तोंडीच झाला, कारण लिहायला सांगावं असं कुणाला वाटलं नाही. निवेदनाचा कागद मित्रानं मागाचं तेल पुसायला घेतला. केळ्यांचा विनोद मी सोडला. गाड्यावर आता दुसराच विनोद चालतो. मी दिसलो की चहावाला विचारतो, "चहा एच घालून, का बिनएचचा?"

नव्या हंगामाचे फॉर्म आले तेव्हा मला वाटलं होतं, या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी सांगतील. अण्णा सगळा गठ्ठा घेऊन माझ्याच दारात आले. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी जाळी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि राइट-आउटचं कार्ड माझ्यापुढे धरलं. मी एकेक अक्षर बघून लिहू लागलो, पहिलीतल्या पोरासारखा. त्या जागेपाशी आलो आणि पेन आपोआप थांबलं. अण्णांनी कार्डावर बोट ठेवलं.

"हितं काय न्हाय, मास्तर," ते हळूच म्हणाले.

मी पुढचं अक्षर लिहिलं.