ठाण्याच्या मंडळीची चाल

गीत चालू असताना मडमसाहेबांनी पेटी मध्येच थांबवली. मंडळी मात्र थांबली नाही. कडवं पुरं करूनच आम्ही खाली बसलो.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मी बायकांच्या बाजूला पुढच्या चटईवर होते. त्या दिवशीच्या उपासनेवर सावळाराममास्तरांचं सगळं अवलंबून होतं.

मास्तर आमच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. उपदेशक वचन सांगतो, उपासना चालवतो, पण बाप्तिस्मा देण्याचा अधिकार त्याला नसतो. तो पाळकाला असतो. त्यासाठी मिशनची कमिटी परीक्षा घेते आणि मग दीक्षा देते. मास्तरांची शास्त्राची परीक्षा झाली होती, उपदेशाची झाली होती. उपासना कशी चालवतात तेवढं पाहायचं राहिलं होतं. त्यासाठी मिशनचे साहेब आणि मडमसाहेब मुंबईहून आगगाडीने आले होते. पेटीही त्यांनीच आणली होती. दीक्षा नाही मिळाली तर मास्तरांना घाटावरच्या एका शाळेत पाठवायचं आणि ठाण्याला दुसरा माणूस नेमायचा, असं ठरलेलं होतं.

मी बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं आणि कोणी तयार असेल तर अक्षरं शिकवायची, हे माझं काम. मिशनच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर ते निभतं. बायकांत मी बोलते. पुरुष समोर आले की माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

आता चालीची गोष्ट सांगते. आमच्या गीतांच्या पुस्तकात नुसते शब्द असतात. चाल ऐकूनच शिकावी लागते. मास्तर सभेसाठी मुंबईला जात, तिथे नवं गीत ऐकत आणि परत येऊन आम्हाला शिकवत. मास्तरांसारखा उपदेश मी दुसऱ्या कोणाचा ऐकला नाही. देवाने त्यांना सूर मात्र दिला नव्हता. मुंबईहून निघालेली चाल ठाण्याला उतरेपर्यंत बदललेली असे. सूर खाली यायचा तिथे मास्तर वर चढत, थांबायचं तिथे पुढे जात. मी शाळेत काही गीतं पेटीवर शिकले होते, म्हणून मला फरक कळे. बाकीच्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. मास्तर म्हणत तसं सगळे म्हणत, आणि इतकं एकजीव म्हणत की मीही त्यांच्यातच मिसळून गेले.

मडमसाहेब म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. पेटीच्या बरोबर."

आम्ही पुन्हा म्हटलं. तिसऱ्या ओळीला पेटी खाली गेली आणि आम्ही वर गेलो.

मंडळीतले वडीलधारे भिकाजीपंत शेजाऱ्याला म्हणाले, "प्रवासात पेटी बिघडली वाटतं."

ते मडमसाहेबांनी ऐकलं. "पेटी चांगली आहे!"

साहेबांनी विचारलं, "मास्तर, ही चाल कुठून आणली?"

"आपल्याकडूनच, साहेब."

पुरुषांच्या बाजूला कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

उपासना संपल्यावर पेटी ओटीवर आणून ठेवली आणि साहेब तिथेच खुर्चीत बसले. मास्तर समोर उभे होते, मंडळी भोवती. साहेब म्हणाले, "पाळकाने गीत उचलायचं, मंडळीने मागून म्हणायचं. तुम्ही सगळ्या मंडळीला चुकीचं शिकवलंत."

"माझा कान कच्चा आहे, साहेब. ते खरं आहे." मास्तर एवढंच बोलले.

मडमसाहेबांनी मला पुढे बोलावलं. "तू आमच्या शाळेतली ना? तुला खरी चाल येते?"

"येते."

"मग आज कोणत्या चालीवर म्हणत होतीस?"

"मास्तरांच्या."

"का?"

मी पदराचं टोक पिळत राहिले.

माझ्या मागे सोनाबाई उभी होती. ती कोपरीची, मिठागरात मीठ ओढणारी. तिच्या घरी मी वाचायला जात असे. ती म्हणाली, "मी सांगू का, बाय? माज्या पोराला देवी आल्या तवा दारात कोन आला नाय. भावकी नाय, शेजार नाय. ह्यो मास्तर आला. पोर गेला तवा ह्यानंच खड्डा खणला, ह्यानंच पोराला उचलून नेला. आन मातीपाशी उभा राहून ह्येच गीत बोलला. तुमची पेटी लय गोड वाजते. पन तुमी वाजवलं ते माज्या पोराचं गीत नाय."



साहेबांनी मास्तरांना विचारलं, "हे तुम्ही कमिटीला का कळवलं नाही?"

मास्तर गोंधळले. "त्यात कळवण्यासारखं काय, साहेब? मला देवी लहानपणीच येऊन गेल्या. मला त्या पुन्हा येण्याची भीती नव्हती, इतरांना होती. म्हणून मी गेलो."

साहेब आणि मडमसाहेब बराच वेळ इंग्रजीत बोलले. मला त्यातलं काही कळलं नाही. मग मडमसाहेबांनी पेटीचं झाकण लावलं आणि सोनाबाईला म्हणाल्या, "म्हण. तू म्हणतेस तसं."

सोनाबाईने गीत उचललं. आम्ही सगळ्यांनी साथ दिली. मास्तर नुसते मान खाली घालून उभे होते. तिसऱ्या ओळीला सूर वर चढला तेव्हा मडमसाहेबांनी डोळे घट्ट मिटले. पण त्यांनी आम्हाला थांबवलं नाही.

मास्तरांना दीक्षा मिळाली. ते ठाण्यालाच राहिले आणि आता आम्ही त्यांना पाळक म्हणतो. साहेबांनी एकच अट घातली. यापुढे गीत पाळकांनी उचलू नये, चाल येते त्याने उचलावं. आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

भिकाजीपंत म्हणाले, "उपासनेत बाई गीत उचलणार?"

"मग तुम्ही उचला," मडमसाहेब म्हणाल्या.

पंतांनी घसा खाकरला आणि ते आपल्या वहाणा शोधू लागले.

पहिले काही रविवार माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आता येतो. जुनी गीतं मी मास्तरांच्याच चालीवर उचलते. ती बदलायला मला कोणी सांगितलेलं नाही. नवं गीत आलं की ते आधी बायकांना शिकवते, मग पुरुषांना, आणि पाळकांना अगदी शेवटी.