दोतोरणीच्या जागेवर

गोव्यातल्या डिचोलीच्या दवाखान्यात मी लागले ती एका वारलेल्या बाईच्या जागेवर. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि दवाखान्याच्या डॉक्टरांची पत्नी. पुढच्या खोलीत डॉक्टर पुरुषांना आणि मुलांना तपासत, आतल्या खोलीत त्या बायकांना. त्या गेल्यापासून आतली खोली बंदच होती. ‘स्त्री डॉक्टर पाहिजे’ ही जाहिरात बेळगावात माझ्या वडिलांनी पाहिली आणि मला जायला लावलं.

ते दिवस कोकणी-मराठी भाषेच्या आंदोलनाचे. रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली असल्यामुळे बस दोडामार्गाच्या पुढे जाईना. एका अनोळखी कुटुंबाने मला त्यांच्या जीपमध्ये जागा दिली, म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत तरी पोहोचले. अंगावर सगळी तांबडी धूळ होती.

डॉक्टर साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. मी पुढे केलेली प्रमाणपत्रं त्यांनी न उघडताच बाजूला ठेवली.

“तुम्हाला बरं नसलं की काय करता?” त्यांनी विचारलं.

“औषध घेते.”

“आणि काम?”

“काम कसं थांबवणार?” मला वाटलं, हे उत्तर त्यांना आवडेल.

ते म्हणाले, “माझी पत्नीही हेच म्हणायची. छातीतली गाठ तिची तिलाच लागली होती. मला बोलली नाही. पणजीला जाऊन दाखवायचं एवढंच काम, पण आज पाळी गावाहून कोणी अडलेली आली, उद्या कोणाचं अंगावरून जातंय. खाणीवरच्या बायका माझ्यासमोर बसत नाहीत. ती एक दिवस नसली की त्या तशाच परत जायच्या. मला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.”

मी प्रमाणपत्रं उचलून पिशवीत घातली. ते पुढे म्हणाले, “दुसरी डॉक्टर हवी, असं आम्ही किती वर्षं नुसतं म्हणत होतो. तुम्ही उद्यापासून या.”

पहिले काही महिने जड गेले. बायका यायच्या, बाकावर बसायच्या आणि माझ्याकडे नुसत्या बघायच्या. पाळीची एक वयस्क बाई तर स्पष्टच म्हणाली, “आमच्या दोतोरणीक कायच सांगचें पडनाशिल्लें.” त्यांच्या आधीच्या डॉक्टरणीला काही सांगावंच लागत नसे; मला मात्र सगळं सांगावं लागत होतं, तेही दोनदोनदा, कारण त्यांची बोली मला अर्धीच कळायची. आमच्याकडून खाणीवर कामाला आलेल्या बायका आधी रुळल्या. त्यांच्याशी मी बेळगावकडचं बोलायचे. त्यांच्या मागून हळूहळू गावच्या बायकाही आत येऊ लागल्या.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. भूक मेली होती, पायांत त्राण नव्हतं, तरी मी जातच होते. बाहेर बाक भरलेला असायचा. एका सकाळी डॉक्टरांनी मला दारातच थांबवलं.

“जनेलाकडे तोंड करा.”

मी खिडकीकडे वळले. माझे डोळे पाहिल्यावर त्यांनी आतल्या खोलीला कुलूप घातलं.

“अहो, त्या पाळीहून पावसात आल्यात,” मी म्हणाले. “एकीचे पाय सुजलेत, सातवा महिना आहे.”

“तिला मी गाडीने म्हापशाच्या इस्पितळात पाठवतो. बाकीच्या चार दिवसांनी येतील, नाहीतर दुसरीकडे जातील. तुम्ही घरी जा.”

“पण डॉक्टर...”

“या खोलीपायी आणखी एक बाई मी मरू देणार नाही,” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण बाकावर सगळ्यांना ते ऐकू गेलं. पायांना सूज असलेली ती बाईच उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “वच गो बाय, घरा वच.”

मी घरी गेले. अंथरुणातून उठायला बरेच दिवस लागले. रोज डॉक्टर पेज घेऊन यायचे, माझ्या घरमालकिणीच्या हाती द्यायचे, अंगणातूनच ताप विचारायचे आणि परतायचे.

मी कामावर परतले तेव्हा त्यांनी आणखी एका स्त्री डॉक्टरचा शोध सुरू केला होता. जाहिरातीवर न थांबता ते स्वतः ओळखीच्यांकडे हिंडले. वर्ष उलटलं. शेवटी गोव्यातल्याच पेडण्याकडून, चोपड्याहून एक मुलगी आली. मुलाखतीला त्यांनी मलाही बसवलं. तिने भीत भीत विचारलं, “सर, दोघींना पुरेल एवढं काम आहे का?”

“नसलं तरी चालेल,” डॉक्टर म्हणाले.

ती राहिली. बायकांची बोली तिचीच होती. मला अडलेले शब्द तीच समजावून द्यायची. त्या वर्षी गणेशचवथीला मी बेळगावला गेले आणि चांगली आठवडाभर राहिले. आई सारखी विचारत होती, परत कधी जायचंय. मला घाई नव्हती.

डॉक्टर त्यानंतर बरीच वर्षं दवाखान्यात येत होते. आतल्या खोलीत मात्र ते कधीच आले नाहीत. काही विचारायचं असलं की दारापाशी उभे राहायचे, आणि आमच्यापैकी जिचे हात मोकळे असतील ती बाहेर जायची.