हातोडी थांबली की

दशरथरावांचा उजवा कान पूर्ण गेलेला आणि डावा मर्जी असेल तेव्हा चालायचा. तांबट आळीत आयुष्यभर तांब्याची घंगाळं मठारली, म्हणजे हातोडीचा एकेक ठोका शेजारीशेजारी देत भांड्याच्या अंगावर ती चकचकीत नक्षी उमटवली, त्याचं हे बक्षीस. त्यांची तक्रार नव्हती. बायकोची निम्मीच बोलणी ऐकू येतात, हा फायदा काही लहान नाही, असं ते आळीत सांगत.

आता मात्र तिचा एक शब्द ऐकायला त्यांचा जीव तुटत होता. विमलाबाईंना विसरण्याचा आजार जडला होता. तीन महिने झाले, त्या नवऱ्याला ओळखत नव्हत्या. "काका, आमचे हे अजून आले नाहीत. बघता का जरा?" असं चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोने विचारल्यावर माणसाने काय सांगावं? दशरथराव "बघतो" म्हणत, जिन्यापर्यंत जात आणि तसेच परत येत.

मुलगा ऋषी गुणी. डॉक्टर 'शांत जागा हवी' म्हणाले, त्याच आठवड्यात त्याने दोघांना हडपसरच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. सहावा मजला, जाड काचा, घड्याळाची टिकटिकसुद्धा मोठी वाटावी अशी शांतता. विमलाबाई दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारायच्या, कुणाची तरी वाट बघत.

मग ऋषीने संगीतोपचार करणारी रुपाली नावाची मुलगी शोधून काढली. तिने काशाचा वाडगा मांडून हलकेच वाजवला. नाद बराच वेळ घुमत राहिला. विमलाबाईंनी वाडग्यात डोकावून पाहिलं.

"रिकामाच आहे," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मुलगी शहाणी होती, चिडली नाही. तिने दशरथरावांच्या डाव्या कानाशी येऊन विचारलं, "आजोबा, आजींना घरात कसल्या आवाजाची सवय होती?"

"माझ्या हातोडीच्या. खाली कारखाना, वर घर."

"पण त्या कटकटीतूनच तर आईला बाहेर काढलं," ऋषी म्हणाला. बोलता बोलता त्याचाच आवाज खाली आला. पुढच्या गुरुवारी आळीत अर्धवट राहिलेलं घंगाळ, ऐरण आणि हातोडी तो स्वतः गाडीत घालून घेऊन आला.

दशरथराव गॅलरीत पोत्यावर बसले. पहिले चार ठोके वाकडे पडले, मग हाताला जुनी लय सापडली. आतल्या फेऱ्या थांबल्या. विमलाबाई दाराशी येऊन टेकल्या, मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसल्या. एवढ्यात खालच्या मजल्यावरून फोन आला, आपण वर कारखाना काढलाय का, असल्यास उद्घाटनाला बोलावलं नाहीत. ऋषीने माफी मागितली, पण बाबांना थांबवलं नाही.

अर्ध्या तासाने खांदा भरून आला, तेव्हा दशरथरावांनी हातोडी खाली ठेवली आणि मागे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. या बाईने आता बाहेरचं दार उघडलं असलं तर आपल्याला ऐकूसुद्धा येणार नाही, असं वाटून ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.

तोच समोर पाण्याचा तांब्या आला.

आळीत असंच व्हायचं. हातोडी थांबली की वरून पाणी यायचं. इतक्या वर्षांत दशरथरावांना पाण्यासाठी कधी हाक मारावी लागली नव्हती. घरातल्या बाकी सगळ्यांना ठोके ऐकू यायचे, विमलाबाई मात्र ते थांबण्याकडे कान लावून असायच्या.

"अहो, घ्या," त्या म्हणाल्या. "आज लवकर दमलात."

दशरथरावांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. विमलाबाईंनी पदराने ते टिपलं आणि गॅलरीभर नजर फिरवली.

"ते काका होते ना इथे, तुम्हाला शोधायला गेलेले. चांगला माणूस हो. ते कुठे गेले?"

"गेले घरी," दशरथराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हातोडी उचलली.