बरणीतलं पोर

त्या दिवशी सकाळी मी नि बायकोने ओट्यावर बसून जवळा निवडला. सूप मी धरलेलं, नि त्यातले बारीक खेकडे, काड्या ती काढून टाकत होती. मधेच म्हणाली, "अवो, सूप सरल धरा की. झोपलाव काय?"

मी म्हटलं, "तुझं तोंड चालू असताना झोप कुणाला लागणार?"

हसली. तिच्याबरोबर केलेलं ते शेवटचं साधं काम.

आमचं गाव डोंबिवलीच्या अंगाला, खाडीकाठी. मी मिठागरावर राबलेला माणूस, शाळा दुसरीत सुटली. तिला वर्षभर धाप लागायची, म्हणून तिला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलेलं. शीळफाट्यावर बस बदलून पोचलो तर डॉक्टर जेवायला गेलेला. दवाखान्याच्याच समोरच्या हॉलवर कापडी बोर्ड होता, 'आपले शरीर'. शाळेच्या पोरांची रांग लागलेली. ती म्हणाली, "आत पंखा असंल. चला, जरा टेकू."

आत पंखे होते, टेकायला काही नव्हतं. मधोमध काचेच्या पेटीत एक म्हातारा निजवलेला. मेणाचा नाही, खरा माणूस. छाती उघडलेली, कातडी सुकलेल्या बोंबलासारखी, अंगावर चिंधी नाही. पोरं एकमेकांना ढोसत त्याची लाजेची जागा दाखवत होती. मला वाटलं, याच्या हाताला घट्टे आहेत का बघावं. मग नाही बघितलं.

ती पुढे गेलेली. टेबलावर बरण्या मांडलेल्या, नि एका बरणीत पुऱ्या दिवसांचं पोर. डोळे मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले. एक शाळकरी काचेवर टकटक करत होता, "ए, उठ रे! शाळेत चल!"

ती त्याच्यावर खेकसली, "निजलाय तो. कशाला उठवतंस रं?"

पोरगा पळाला. पांढऱ्या कोटातली एक मुलगी धावत आली. "मावशी, हात लावू नका हं."

"कुनाचा हाय यो?"

"कुणाचा नाही, मावशी. बेवारशी. कोणी घ्यायलाच आलं नाही, म्हणून ठेवलंय."

"मंग आता आम्ही आलो ना घ्यायला."

मुलगी हसली. थट्टा वाटली असेल तिला. हिने माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला नि बरणीवर टाकला. मुलीने तो उचलला, घडी करून माझ्या हातात दिला. वाईट नव्हती ती मुलगी.

आमचं एक पोर झालेलं, आठवडाही काढला नाही त्याने. आमच्यात एवढ्याला जाळत नाहीत. खाडीच्या वरच्या बाजूला खड्डा करायचा, खाली मीठ, वर मीठ, मग माती. कुत्र्यांनी उकरू नये नि लवकर मातीत मिळावं म्हणून. मीठ मीच माझ्या मिठागरावरून आणलेलं. पुन्हा मूल झालं नाही आम्हाला. ती तिथे रडायला कधी गेली नाही, पण पोर कुठे आहे ते तिला ठाऊक होतं.

हॉलबाहेर आलो नि ती दवाखान्याची पायरी चढेना. "ह्याच लोकांचा दवाखाना ना? मी नाय हात लावू देनार. उद्या मेले तर मलाबी ठेवतील काचेत."

"अगं, मी आहे ना. मी येईन घ्यायला."

"तुमी नसलाव तर?"

मी तिचा हात धरून बसच्या थांब्याकडे वळलो. परतीच्या बसमध्ये धाप लागतच बोलत होती. "आपला नाय तो, मना कलतं. मी काय येडी नाय. पन कुनाचा तरी हाय ना? उद्या जा नि मागून आना. आपल्याच्या बाजूला जागा हाय."

मी म्हटलं, "जातो."

घरी येऊन चहा टाकते म्हणाली नि चुलीपाशीच कलंडली. दिवेलागणीच्या आत सगळं संपलं. भावकी जमली, तिला नेली. डोक्याचा गोटा करून मी अग्नी दिला. तिला काचेत नाही ठेवली कुणी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी फावडं घेऊन निघालो. भाऊ आडवा आला. "सुतक हाय घरात, कुठं चाललास?"

"मागून आणायला."

भावाला वाटलं माझं डोकं फिरलं.

आमच्या पोराच्या बाजूला खड्डा खणला. मिठाची पिशवी काठावर ठेवली नि ठाण्याला गेलो. तिथले मोठे डॉक्टर माझं डोकं बघून काय ते समजले. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी काय मागायला आलोय ते सांगितलं.

"तुमचं नातं काय?"

"काही नाही."

"मग काका, कसं देणार? नियम असतात. आणि यातूनच मुलं शिकतात, उद्या डॉक्टर होतात."

मी म्हटलं, "शिका की. दार लावून शिका. आम्ही मासळी सुकत घालतो तीसुद्धा कावळ्यांपासून झाकतो. त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलेलं का? घ्यायला कोणी आलं नाही म्हणून ठेवलंत ना? आता आलोय मी."

डॉक्टर म्हणाले, "मला समजतं, काका. पण नाही देता येत." समजत असेल त्यांना. समजून त्या पोराला काय मिळालं?

जाता जाता समोरच्या हॉलमध्ये शिरून मी खांद्यावरचा टॉवेल पुन्हा बरणीवर टाकला. मी बघत होतो तोवर कुणी काढला नाही. दाराशी शाळेची पोरं उभी होती, आत सोडायची वाट बघत.

गावाला परत आलो. खड्डा तसाच, पिशवी तशीच. मीठ घरी न्यायचं तरी कुणासाठी? सगळं आत ओतलं, आणि रिकामा खड्डा बुजवला.